ऊब आणि तिचा हिशेब

ब्रिटनमध्ये घरात येणाऱ्या गॅसपैकी स्वयंपाकाला लागणारा वाटा अगदी किरकोळ असतो. बहुतेक गॅस खर्ची पडतो तो घर तापवण्यात, आणि त्याखालोखाल अंघोळीच्या पाण्यात. ऑफजेम ही तिथली ऊर्जा नियामक संस्था मध्यम वापराच्या कुटुंबासाठी २०२५ मध्ये वर्षाला ११,५०० युनिट गॅस आणि २,७०० युनिट वीज असे प्रमाण धरत होती. युनिट म्हणजे भारतातल्या वीजबिलावर असते तेच, एक किलोवॅट-तास. बहुतेक घरांत गॅसवर चालणारा एक बॉयलर भिंतीवर टांगलेला असतो. तो पाणी तापवतो आणि पंपाने ते पाणी नळ्यांमधून खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये फिरते. रेडिएटरमधून खोलीला उष्णता मिळते, निवलेले पाणी बॉयलरकडे परत येते आणि पुन्हा तापते. ऑक्टोबर ते एप्रिल हे चक्र चालू असते, आणि वर्षाच्या बिलाचा मोठा भाग याच महिन्यांत तयार होतो.

२०२१-२२ पर्यंत या बिलाकडे बारकाईने पाहणारे थोडेच होते. ऑफजेमने ठरवलेल्या कमाल दरानुसार ऑक्टोबर २०२१ मध्ये मध्यम वापराच्या घराचे गॅस-विजेचे वार्षिक बिल १,२७७ पौंड धरले जात होते. युक्रेनवरील आक्रमणानंतर गॅसचे भाव भडकले आणि ऑक्टोबर २०२२ साठी हाच आकडा ३,५४९ पौंड जाहीर झाला. सरकारने मध्ये पडून तो २,५०० पौंडांच्या आसपास रोखला, तरी वर्षभरात बिल जवळपास दुप्पट झालेच. त्यानंतर भाव उतरले, पण जुन्या पातळीवर आले नाहीत. थर्मोस्टॅट, मीटर, व्हॉल्व्ह ही एरवी कंत्राटदाराच्या भाषेतली नावे त्या हिवाळ्यापासून घरोघरच्या बोलण्यात आली.

घर तापवण्याचा खर्च नीट समजायचा तर एक साधी गोष्ट आधी पक्की करावी लागते. रेडिएटर जी उष्णता देतो ती सगळी शेवटी घराबाहेरच जाते. भिंती, छप्पर, खिडक्या आणि दारांच्या फटी यांतून ती सतत निसटत असते. खोलीचे तापमान टिकवायचे म्हणजे जेवढी निसटली तेवढी भरून काढायची. निसटण्याचा वेग दोन गोष्टींवर ठरतो. एक म्हणजे घराचे कवच किती सच्छिद्र आणि पातळ आहे, आणि दुसरी म्हणजे आतल्या-बाहेरच्या तापमानात किती फरक आहे. बाहेर ८ अंश आणि आत २० अंश असेल तर फरक १२ अंशांचा. आतले तापमान १९ वर आणले की तो ११ होतो, म्हणजे गळती बाराव्या हिश्शाने, सुमारे ८ टक्क्यांनी कमी होते. माणसांची, दिव्यांची, चुलीची आणि उन्हाची थोडी उष्णता घराला फुकट मिळतच असते, त्यामुळे बिलातली प्रत्यक्ष बचत याहून थोडी जास्त भरू शकते. एका अंशामागे दहा टक्के हा ब्रिटनमध्ये सर्रास सांगितला जाणारा आडाखा असा तयार झाला आहे.

याच नियमाने एका जुन्या समजुतीचाही निकाल लागतो. घर पुन्हा तापवायला फार गॅस लागतो, म्हणून दिवसभर मंद आचेवर ठेवलेले बरे, असे अनेक जण मानतात. गॅस बॉयलरच्या बाबतीत हे खरे नाही. घर रिकामे असताना ते जितका वेळ थंड राहील तितका वेळ गळती कमी, आणि संध्याकाळी ते पुन्हा तापवायला लागणारी उष्णता वाचलेल्या उष्णतेपेक्षा जास्त कधीच होत नाही. हीट पंपाचे गणित मात्र वेगळे आहे. ते पुढे येईल.

तापमानाचे नियंत्रण यंत्राकडे सोपवण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर इथे शिकवणारे वॉरन जॉन्सन यांनी १८८३ मध्ये खोलीच्या तापमानानुसार विजेचा इशारा देणारे साधन केले. तोपर्यंत शाळेचा शिपाई वर्गावर्गांत जाऊन थंडी-उष्मा बघायचा आणि मग तळघरातल्या भट्टीची झडप कमीजास्त करायचा. जॉन्सन यांच्या साधनाने त्याचा फेरा वाचला, पण झडप हलवण्याचे काम त्याच्याकडेच राहिले. पुढच्या काही वर्षांत तेही यंत्राने उचलले. तेव्हापासून भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचे काम फारसे बदललेले नाही: ठरवलेल्या अंशाखाली तापमान गेले की बॉयलर चालू, वर गेले की बंद. नंतर त्याला घड्याळ जोडले गेले, आणि सकाळी सहाला चालू, साडेआठला बंद, असे वेळापत्रक लावता येऊ लागले.

२०११ मध्ये नेस्ट हा गोल, इंटरनेटला जोडलेला थर्मोस्टॅट अमेरिकेत विक्रीला आला आणि २०१४ मध्ये गूगलने ती कंपनी ३.२ अब्ज डॉलरना विकत घेतली. ब्रिटनमध्ये हाइव्ह, टाडो यांसारखी नावेही रुळली. ही साधने घरातल्यांच्या सवयी टिपून वेळापत्रक स्वतः बसवतात, फोन घरापासून लांब गेला की तापमान उतरवतात, सकाळी सातला १९ अंश हवे असतील तर त्या दिवसाच्या थंडीनुसार कितीला सुरुवात करायची हे ठरवतात. नेस्टने २०१५ मध्ये आपल्या अमेरिकी ग्राहकांच्या बिलांवरून तापवण्याच्या खर्चात १० ते १२ टक्के बचत होत असल्याचे मांडले. दुसरीकडे, कॅलिफोर्नियातल्या घरांवर झालेल्या प्रयोगांचा एक अभ्यास अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात स्मार्ट थर्मोस्टॅट बसवलेल्या आणि न बसवलेल्या घरांच्या ऊर्जावापरात दखल घ्यावी असा फरकच आढळला नाही. यंत्राने काटकसरीचे वेळापत्रक लावले तरी माणसे ते मोडून आपल्याला हवे ते तापमान पुन्हा लावत होती.

दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोटे पाडत नाहीत. ज्या घरात साधा थर्मोस्टॅट दिवसरात्र २२ वर टेकलेला असतो आणि माणसे दहा तास बाहेर असतात, तिथे नवे यंत्र मोठी बचत करते. ज्या घरात कुणीतरी घड्याळ लावून, रात्री उतरवून, नीट लक्ष ठेवते, तिथे यंत्राला वाचवण्यासारखे फार उरत नाही. घरी दिवसभर माणसे असतील, म्हातारी माणसे किंवा तान्हे मूल असेल, तर फोनवरून बॉयलर बंद करण्याच्या सोयीला अर्थच नसतो. शे-दोनशे पौंड मोजण्यापूर्वी आपले घर यातले कोणते, हे पाहणे सगळ्यात महत्त्वाचे. भिंतीवर वीस वर्षे टिकावे असे हे साधन चालते मात्र कंपनीच्या सर्व्हरच्या भरवशावर, हेही ध्यानात घ्यायला हवे. नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांची यंत्रे ऑक्टोबर २०२५ पासून फोनवरून चालवता येत नाहीत. ती भिंतीवरून हाताने चालतात, म्हणजे विकत घेताना ज्या सोयीसाठी जास्तीचे पैसे दिले तीच गेली.

घरभर एकच तापमान ठेवण्याची गरज नसते. झोपायच्या खोलीला १७ पुरते, बसायच्या खोलीला १९-२० लागते, आणि पाहुण्यांची खोली महिन्यातून दोनदा वापरली जाते. यासाठी प्रत्येक रेडिएटरवर स्वतंत्र व्हॉल्व्ह असतो. त्याच्या डोक्यात मेण किंवा द्रव भरलेली कुपी असते. खोली तापली की ती फुगते आणि पाण्याची वाट अरुंद करते. त्यावरचे १ ते ५ हे आकडे तापमान ठरवतात. अनेकांना ते पाण्याच्या नळासारखे, वेग वाढवणारे वाटतात, आणि थंडी वाजली की ते ५ वर फिरवले जातात. ५ वर ठेवून खोली लवकर तापत नाही. ती नको तितकी तापेपर्यंत तापत राहते. या व्हॉल्व्हची स्मार्ट आवृत्ती बॅटरीवर चालते आणि प्रत्येक खोलीचे वेळापत्रक वेगळे ठेवते. चार-पाच खोल्यांच्या घरात दोघेच राहत असतील तर भिंतीवरच्या एका महागड्या थर्मोस्टॅटपेक्षा हे व्हॉल्व्ह जास्त कामाला येतात. एक पथ्य पाळावे लागते: भिंतीवरचा थर्मोस्टॅट ज्या खोलीत आहे तिथला रेडिएटर पूर्ण उघडा ठेवायचा. नाहीतर व्हॉल्व्ह खोली थंड ठेवतो, थर्मोस्टॅटला वाटते अजून तापवायचे आहे, आणि बॉयलर बंदच होत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित बचत बॉयलरच्या आत असते आणि तिला एक पैसाही लागत नाही. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. जुन्या बॉयलरमध्ये ती धुराड्यातून उष्णतेसकट निघून जायची. इंग्लंडमध्ये २००५ पासून नवा गॅस बॉयलर बहुतेक सर्व घरांत कंडेन्सिंग जातीचाच बसवावा लागतो. या बॉयलरमध्ये परत आलेले निवलेले पाणी धुराच्या वाटेवरून फिरवले जाते. त्याने वाफेचे पाणी होते आणि तिच्यात लपलेली उष्णता वसूल होते. अट एवढीच की परत येणारे पाणी साधारण ५५ अंशांपेक्षा थंड असले पाहिजे. त्याहून गरम असेल तर वाफेचे पाणी होत नाही, आणि नव्वद टक्क्यांच्या वरची कार्यक्षमता कागदावरच राहते.

हे बॉयलर बहुधा रेडिएटरकडे ७० ते ८० अंशांचे पाणी पाठवण्याच्या सेटिंगवर बसवलेले असतात. इतके गरम पाणी रेडिएटरमधून फिरून येते तेव्हाही ते साठीच्या आसपास असते. म्हणजे लाखो घरांत कंडेन्सिंग बॉयलर असूनही त्याचे कंडेन्सिंग बऱ्याच वेळा होतच नाही. २०२२ च्या हिवाळ्यात नेस्टा या ब्रिटिश संस्थेने रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान ६० पर्यंत उतरवण्याची देशव्यापी मोहीम काढली. कॉम्बी बॉयलरवर, म्हणजे ज्यात अंघोळीचे पाणी टाकीत न साठवता लागेल तेव्हा तापते त्यावर, हे काम एका मिनिटाचे आहे. रेडिएटरचे चिन्ह असलेले बटण किंवा चकती शोधायची आणि आकडा ६० वर, जमल्यास ५५ वर आणायचा. खोली तापायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून चालू करण्याची वेळ अर्धा तास अलीकडे घ्यायची. कडाक्याच्या थंडीत घर पुरेसे तापेनासे झाले तर आकडा पुन्हा वाढवायचा. गरम पाण्याची टाकी असलेल्या घरांत मात्र जपून. टाकीतले पाणी ६० अंशांपर्यंत तापले नाही तर लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढण्याचा धोका असतो, म्हणून अशा ठिकाणी बॉयलरचे पाणी ६५ च्या आसपास ठेवतात.

हाच आकडा रोज हवामान बघून बदलत राहिला तर आणखी चांगले. त्यासाठी घराच्या उत्तरेकडच्या भिंतीवर तापमापक बसवतात. बाहेर १२ अंश असताना बॉयलर कोमट पाणी पाठवतो, शून्याखाली गेले की गरम. जर्मनीत ही पद्धत कधीची रूढ आहे. ब्रिटनमध्ये बॉयलरला एकच तार जोडून ‘चालू किंवा बंद’ एवढाच हुकूम द्यायची सवय कारागिरांना लागलेली आहे, आणि महागडा स्मार्ट थर्मोस्टॅटसुद्धा पुष्कळदा त्याच तारेला जोडला जातो. मंद आचेवर सतत चालू शकणारा बॉयलर मग दर दहा मिनिटांनी भडकतो आणि विझतो. थर्मोस्टॅट घेताना तो बॉयलरच्या पाण्याचे तापमान कमीजास्त करू शकतो का, हा प्रश्न विक्रेत्याला विचारलाच पाहिजे. फोनवरच्या आलेखांपेक्षा याचे मोल अधिक.

बचत झाली की नाही हे मोजण्याचे साधन म्हणजे स्मार्ट मीटर. गॅस आणि वीज दोन्हींचा दर अर्ध्या तासाचा वापर तो नोंदवतो. सोबत मिळणारा छोटा पडदा स्वयंपाकघरात ठेवला जातो आणि आजचे किती पौंड झाले हे दाखवतो. पहिल्या पिढीचे मीटर ग्राहकाने कंपनी बदलली की मुके व्हायचे, म्हणून लोकांचा विश्वास उडाला होता. आता ती अडचण बरीचशी दूर झाली आहे. पण दोन महिन्यांची बिले नुसती शेजारी ठेवून काही कळत नाही, कारण एक डिसेंबर दुसऱ्यासारखा नसतो. त्यासाठी अंश-दिवस हे माप वापरतात. ब्रिटनमध्ये १५.५ अंश ही पायरी धरतात. बाहेरचे सरासरी तापमान त्याहून खाली नसेल तर घर तापवायची गरज नाही असे मानायचे. एखाद्या दिवसाची सरासरी ५.५ अंश असेल तर त्या दिवसाचे १० अंश-दिवस. महिन्याभराची बेरीज करून गॅसच्या युनिटना तिने भागले की दर अंश-दिवसाला किती गॅस लागला हे कळते. नवा थर्मोस्टॅट बसवल्यावर हा आकडा उतरला तर बचत खरी. बिल उतरले पण हा आकडा तसाच राहिला, तर बचत उबदार हिवाळ्याने केलेली असते.

यंत्रांच्या आधी घराचे कवच. इंग्लंडमधल्या पाच घरांपैकी जवळपास एक घर १९१९ च्या आधीचे आहे. त्यांच्या भिंती भरीव विटांच्या, आणि त्यांत उष्णता अडवणारी पोकळी नाही. कोणताच थर न दिलेल्या घरातून साधारण एक तृतीयांश उष्णता भिंतींवाटे आणि एक चतुर्थांश छपरावाटे जाते. माळ्यावर २७० मिलिमीटर जाडीची लोकर अंथरणे हा तिथला सर्वमान्य सल्ला आहे. त्याचा खर्च काही हिवाळ्यांत निघतो. इथेही तंत्रज्ञानाची मदत होते. उष्णता रंगांत दाखवणारा कॅमेरा थंड रात्री भिंतीवरून फिरवला की दाराखालची फट, लोकर न पोचलेला माळ्याचा कोपरा, ओल आलेली भिंत सगळे दिसू लागते. असे कॅमेरे काही ठिकाणी ग्रंथालये आणि स्थानिक संस्था उसने देतात. दाराखालच्या फटीला पट्टी लावायला पाच-दहा पौंड लागतात.

गॅसच सोडायचा तर पर्याय हीट पंपाचा. एअर कंडिशनर खोलीतली उष्णता बाहेर फेकतो. हीट पंप त्याच तत्त्वावर, पण उलट्या दिशेने चालतो आणि बाहेरच्या थंड हवेतली उष्णता गोळा करून घरात आणतो. लॉर्ड केल्व्हिन म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसन यांनी ही कल्पना १८५२ मध्येच मांडली होती. हीट पंप उष्णता निर्माण करत नाही, हलवतो. म्हणून एक युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता मिळू शकते. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड हे ब्रिटनहून कितीतरी थंड देश, आणि घरटी हीट पंपांचे प्रमाण युरोपात सर्वाधिक तिथेच आहे. थंडीत ते चालत नाहीत ही शंका तेवढ्यानेच मिटायला हरकत नाही.

ब्रिटनमध्ये अडते ते दरांपाशी. २०२५ च्या उन्हाळ्यात कमाल दरानुसार गॅसचे युनिट ६.३ पेन्सच्या आसपास होते आणि विजेचे २५.७ च्या, म्हणजे चौपट. घराला वर्षाला १०,००० युनिट उष्णता लागते असे धरले, तर ९० टक्के कार्यक्षम गॅस बॉयलरला सुमारे ७०० पौंड लागतील. एका युनिटाला तीन युनिट देणारा हीट पंप ८५७ पौंड घेईल आणि चार देणारा ६४२. गॅसची जोडणीच काढून टाकली तर तिचा शंभरेक पौंडांचा वार्षिक स्थिर आकारही वाचतो. बचत की तोटा हे असे तीन आणि चार यांच्या मधल्या जागेत ठरते. पाणी ३५-४० अंशांवर फिरवून घर उबदार ठेवता आले तर चार गाठता येतात. जुने लहान रेडिएटर तसेच ठेवून ५५ अंशांचे पाणी मागितले तर तीनही अवघड. म्हणून मोठे रेडिएटर, नीट मोजमाप आणि जाणता कारागीर यांवर केलेला खर्च पंपाच्या ब्रँडवरच्या खर्चापेक्षा जास्त फळतो. हा पंप झटके देऊन चालवायचा नसतो. कोमट पाण्यावर दिवसभर सलग चालला तरच तो स्वस्त पडतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑक्टोबर २०२३ पासून त्याला ७,५०० पौंडांचे अनुदान मिळते.

विजेचा दर दिवसभर एकच असायला हवा असे नाही. १९७८ पासून ‘इकॉनॉमी ७’ या योजनेत रात्रीचे सात तास वीज स्वस्त मिळते, आणि त्या वेळेत विटा तापवून दिवसा उष्णता सोडणारे हीटर अनेक फ्लॅटांत आहेत. पुष्कळ घरांत हे हीटर आणि रात्रीचा दर चालू-बंद करण्याचा इशारा चक्क बीबीसी रेडिओ ४ च्या लाँग वेव्ह प्रक्षेपणातून लपून येत असे. ऐकणाऱ्याला बातम्या ऐकू येत आणि मीटरला हुकूम. ती व्यवस्था २०२५ च्या मध्यापासून टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली आणि तिची जागा स्मार्ट मीटर घेत आहेत. ऑक्टोपससारख्या वीज कंपन्या आता दर अर्ध्या तासाला बदलणारे दर देतात. हीट पंप असलेले घर दुपारी स्वस्त विजेवर दोन अंश जास्त तापवून ठेवायचे आणि संध्याकाळी चार ते सात या महाग वेळेत पंप बंद ठेवायचा, हे वेळापत्रक यंत्र सहज सांभाळते. ज्या घराचे कवच चांगले तिथे त्या तीन तासांत थंडी जाणवतही नाही. गळक्या घरात हा डाव फसतो.

यातले बरेच काही भाडेकरूच्या हातात नसते. बॉयलर, भिंती, माळा सगळे मालकाचे. नोकरीनिमित्त तिकडे गेलेली मराठी कुटुंबे सुरुवातीला बहुधा अशाच जुन्या, भाड्याच्या घरांत राहतात. त्यांच्यापुरते पाण्याचे तापमान, वेळापत्रक, व्हॉल्व्ह आणि फटींच्या पट्ट्या एवढेच उरते. आणि थंडीइतकीच ओल सांभाळावी लागते. रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे, प्रेशर कुकरची वाफ, बंद खिडक्या आणि बिलाच्या धास्तीने थंड ठेवलेली खोली एकत्र आली की कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरते. दहा-पंधरा पौंडांचा आर्द्रतामापक इथे कोणत्याही स्मार्ट थर्मोस्टॅटपेक्षा मोलाचा. आकडा बराच वेळ ६० टक्क्यांच्या वर राहिला तर पंखा लावून वाफ बाहेर काढायची आणि खोली थोडी तापवायची.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात थंड प्रदेशांतल्या घरांसाठी १८ अंश ही सुरक्षित तापमानाची किमान पातळी धरली आहे. वृद्ध, आजारी आणि लहान मुलांना याहून जास्त लागू शकते. त्याखाली जाऊन केलेली काटकसर फुप्फुसांवर आणि हृदयावर बेतते. २०२० मध्ये रॉचडेल इथे बुरशीने भरलेल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारे दोन वर्षांचे मूल दगावले. दोन वर्षांनी झालेल्या न्यायिक चौकशीत मृत्यूचे कारण ती बुरशीच ठरली. त्यातून झालेल्या कायद्याचा पहिला टप्पा २७ ऑक्टोबर २०२५ ला इंग्लंडमधल्या सामाजिक गृहनिर्माणाच्या घरांना लागू झाला. जिवाला तातडीचा धोका असेल तर घरमालक संस्थेने २४ तासांत उपाय करायचा, आणि धोकादायक ओल-बुरशीची चौकशी ठरलेल्या मुदतीत पुरी करायची, असे बंधन त्यात आहे. अशा काही संस्थांनी आपल्या घरांत तापमान आणि आर्द्रता नोंदवणारी साधने बसवायला घेतली आहेत. एखादे घर सलग थंड आणि दमट राहिले तर भाडेकरूने तक्रार करण्याआधीच ते कार्यालयात कळते.